दंडातला काळा दोरा

मी भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझे दंड बघून लोकांचा गैरसमज होतो. जव्हारच्या बाजारात मी नाचणीची गोणी एका दमात जीपच्या टपावर चढवली की ड्रायव्हरसुद्धा आदबीनं बाजूला होतो. पण घरात पाल दिसली तर मी अजून आईला हाक मारते. आणि ज्या हिवाळ्यात मी ठाण्याच्या महिला शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी वजन उतरवत होते, त्या हिवाळ्यात तर मी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत घाबरलेलीच असायची. स्पर्धेची भीती त्यात सगळ्यात कमी होती.

तेव्हा मी पंचविशीच्या आत होते. आमच्या साखरशेतच्या पलीकडच्या एका पाड्यावर प्राथमिक शाळेत शिकवायची आणि आईवडिलांबरोबर गावातच राहायची. आश्रमशाळेत असताना गोळाफेकीत माझा नंबर यायचा. पुढे डी.एड.साठी जव्हारला गेले, तिथं एका खेळाच्या शिक्षकांच्या व्यायामशाळेत जाऊ लागले आणि नोकरी लागल्यावरही सकाळची पहिली जीप पकडून जात राहिले. व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकं, गंजलेल्या प्लेटा, एक वजनकाटा आणि एक भिंतभर आरसा. मुलींसाठी सकाळची वेळ राखून ठेवली होती. त्या वेळात बहुतेक मी एकटीच असायची, आणि लोकांच्या तोंडाला कुलूप म्हणून सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कोपऱ्यात स्टुलावर बसून भाजी निवडायच्या.

भात कापून झाल्यावर एकदा सर म्हणाले, "ठाण्याला बायकांचा गट ठेवलाय. पंचावन्न किलोच्या आतला. तुझा सांगाडा चांगला आहे. वरचं उतरवलंस तर स्टेजवर उभी राहशील."

मी साठच्या पुढे होते. स्पर्धा माघात होती. मी लगेच हो म्हटलं, आणि वहिनींनी भाजीतून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी हो का म्हटलं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. मी दहाअकरा वर्षांची असताना आमच्या भागात तो वाईट पावसाळा आला. तसे आमच्याकडचे सगळेच पावसाळे ओढीचे, पण त्या वर्षी पोरं गेली. मग शहरातून गाड्या आल्या, माणसं आली, कॅमेरे आले. माझी धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची. आईच्या मांडीवर बसलेली असताना तिचा फोटो काढला, तो कुठल्याशा पेपरात आला. आम्हाला तो फार नंतर कुणीतरी दाखवला आणि परत नेला. खाली तिचं नाव नव्हतं, नुसतं तालुक्याचं नाव होतं. तिच्या फासळ्या स्पष्ट दिसत होत्या. धाकटीचा जगात तेवढा एकच फोटो, आणि तोही आमच्या घरात नाही. मला तेव्हापासून वाटायचं, आमच्याकडच्या माणसाचा एक तरी फोटो असा यावा की बघणाऱ्यानं 'अरेरे' न म्हणता 'अरे बाप रे' म्हणावं.

धाकटीच्या दंडात काळा दोरा होता. आमच्याकडे नजर लागू नये म्हणून बाळांच्या दंडात तो बांधतात. पण आयांना त्याचा दुसरा उपयोगही ठाऊक असतो. पोरानं बाळसं धरलं की दोरा रुतायला लागतो. मग तो विळीवर कापायचा आणि नवा, जरा मोठा बांधायचा. कापताना शेजारच्या बाया जमतात, हसतात, पोराच्या तोंडात गुळाचा खडा घालतात. धाकटीचा दोरा कापायची वेळ आलीच नाही. तो सैल होत गेला. आई रोज त्यात बोट घालून बघायची आणि कामाला लागायची. एका सकाळी तो गोधडीत पडलेला मला दिसला. मी आईला हाक मारली. तिनं तो उचलला, परत बांधला, गाठीवर गाठ मारली आणि वर एक निळा मणी ओवला. मण्यानं तो राहील असं तिला वाटलं असावं. तो दुसऱ्यांदा पडला, आणि त्यानंतर धाकटी राहिली नाही.

तर मी वजन उतरवायला घेतलं ते मार्गशीर्षात. कणगी भरलेली, घरात नव्या तांदळाचा वास, उडदाची डाळ, खुरासणीची चटणी, सुकट भाजल्याचा वास. वर्षातले हेच दोन-तीन महिने आमच्याकडे कुणाला 'जेवलास का' असं विचारताना आवाज खाली घ्यावा लागत नाही. आणि नेमक्या त्या दिवसांत मी ताट सरकवायला लागले.

"आषाढात उपाशी ऱ्हातात बाय," आई म्हणाली. "मार्गशीर्षात कोण ऱ्हाता?"

मी तिला समजावलं. शर्यत आहे, हलकं व्हावं लागतं, सरांनी सांगितलंय. तिनं ऐकून घेतलं. शर्यत तिला समजली, हलकं होणं समजलं नाही. सरांनी सांगितलेलं खाणं तर अजिबात समजलं नाही. उकडलेली अंडी, त्यातलं नुसतं पांढरं. पहिल्या दिवशी मी बलक काढून बाजूला ठेवले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जीव काढून ठेवते नि टरफल खाते," ती वडिलांना म्हणाली. "हिला शिकवून मास्तरीण केली ती ह्याच्यासाठी?"

वडील हसले. ते बलक त्यांनीच खाल्ले, रोज खायला लागले, आणि घरात त्या हिवाळ्यात वजन वाढलं ते एकट्या वडिलांचं.

जीपमधल्या बायकांनाही विषय मिळाला. एकीला वाटलं माझं लग्न ठरलंय. दुसरी म्हणाली, "लगीन कसला, नवरा उचलून आणायचाय हिला, म्हणून ताकद करते." मीही हसायची. मग एकदा एका म्हातारीनं माझं मनगट हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि हळूच विचारलं, "खोकला येतो का गो बाय?" त्या दिवशी जीपमध्ये कुणी हसलं नाही.

म्हातारीचं बोलणं आईपर्यंत पोचलं असणार, कारण त्याच आठवड्यात तिनं माझ्या दंडात काळा दोरा बांधला. मी वह्या तपासत होते. ती मागून आली आणि न विचारता बांधायला लागली. गाठीवर गाठ, वर निळा मणी.

"मी काय बाळ आहे का, आये?"

"नजर लागते," ती म्हणाली. "लोकं बघतात तुला."

नजर हे निमित्त होतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. दर शनिवारी न्हाऊन झालं की ती माझा हात धरायची आणि दोऱ्यात बोट घालायची. पहिल्या शनिवारी बोट अडकलं. पुढच्या शनिवारी ते सहज गेलं. त्यानंतर मी एक युक्ती केली. ती बोट घालायला आली की मी मूठ न वळता दंड आवळायची. आरशासमोर तेच तर शिकत होते, हसत हसत अंग ताठ ठेवायचं. दंड फुगायचा, दोरा रुतायचा, आणि आईचा चेहरा क्षणभर सुटायचा. दोन शनिवार हे चाललं. तिसऱ्या शनिवारी तिनं बोट दोऱ्याखाली तसंच ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात सैल सोड."

मी सोडला. दोरा कोपराकडे घसरला. आई चुलीकडे गेली.

इकडे व्यायामशाळेत सर खूश होते. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, दोन्ही हात डोक्यामागे घ्यायला लावले, श्वास आत ओढायला सांगितला. "बघ! फासळ्या दिसायला लागल्या. शाब्बास!"

मी बघितलं. त्या फासळ्या माझ्या ओळखीच्या होत्या. मी हात खाली घेतले आणि बाकावर बसले. सरांना वाटलं मी दमले. मला एवढी भीती वाटली होती की घोटभर पाणी पितानाही दात भांड्यावर वाजले.

त्या महिन्यात माझी पाळी आली नाही, पुढच्याही नाही. सरांना कसं सांगणार? वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "होत असेल गं असं, मला तरी काय माहीत." कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी तोवर मुलगेच तयार केले होते. दवाखान्यात जायची मला भीती वाटत होती, कारण बाहेरच्या बाकावर निम्मा तालुका ओळखीचा, आणि लग्न न झालेली बाई पाळी चुकली म्हणून सांगते याचा अर्थ त्यांनी एकच लावला असता. केस गळायला लागले. शाळेत प्रार्थनेला उभी राहिले की मैदान हळूहळू काळं व्हायचं, मी भिंतीचा आधार घेऊन पुढच्या ओळी म्हणायची.

शाळेत दुपारी खिचडी शिजायची. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. मी घास तोंडात घ्यायची, चव बघायची, 'बरी आहे' म्हणायची, आणि भिंतीआड जाऊन थुंकायची. वजन पंचावन्नाच्या आसपास आलं होतं, मीठ बंद होतं, एक घास म्हणजे मला डोंगर वाटायचा. एकदा थुंकून वळले तर पहिलीतली एक मुलगी ताटली छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी होती. पोरं घरी जाऊन सगळं सांगतात, आणि पाड्यावरून गावात बातमी यायला जीप लागत नाही.

आईनं ती बातमी ऐकली आणि तिचा तिनं अर्थ लावला. मी घास थुंकते, हे तिला पटणंच शक्य नव्हतं. जिनं आषाढ बघितला आहे ती तोंडातला घास थुंकणार नाही. म्हणजे कुणीतरी तो काढून घेत होतं.

"धाकटी हाय ती," आई म्हणाली. आम्ही ओट्यावर बसलो होतो, ऊन उतरत होतं. ती हे असं म्हणाली की जणू पाहुणी आल्याचं सांगत होती. "भुकेली गेली ना ती. आता तुझ्यातला खाते. तिचा दोष नाय, बाय. पोर हाय."

मी शिकलेली, वर्गात मुलांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगणारी. मी रागावले, ओरडले. आई ऐकून घेत राहिली. त्या दिवसापासून तिनं माझं ताट वाढायच्या आधी भाताचा एक घास पळसाच्या पानावर घेऊन कुंपणाशी ठेवायला सुरुवात केली. ठेवताना ती म्हणायची, "हा तुझा. तिचा नको मागू." सकाळी पान रिकामं असायचं. कुत्रं खात असणार, कावळे खात असणार. मला ते पक्कं ठाऊक होतं, तरीही मी कुंपणाच्या बाजूनं जाणं सोडलं.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. वजन पंचावन्नाच्या खाली आलं. सर म्हणाले, "बास. आता थोडा भात घे, आहे तिथं राहा." मी घरी आले, भात घेतला, कालवला, घास उचलला, आणि तो गिळता येईना. घशाशी अडायचा. एवढे दिवस नको म्हणून शिकवलेला घसा आता मालकिणीचंही ऐकत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काटा उतरतच होता. तोवर मला वाटत होतं की हे मी करते आहे. आता ते माझ्या हातात नव्हतं. समोर आई बसलेली, तिच्या मागं दार, दाराबाहेर कुंपण. माझ्या मनात आलं, आई म्हणते तेच खरं असलं तर? धाकटीला मी कडेवर घेऊन फिरवायची. तिला माझी सवय होती. तिनं कुणाच्या ताटात हात घालायचा तर माझ्याच घालणार.

तरी मी ठाण्याला गेले. हट्ट म्हणा. मला तो फोटो हवा होता, आणि खोटं कशाला बोलू, घरी बसले तर काय होईल याची जास्त भीती वाटत होती. वडील जीपपर्यंत पोचवायला आले. आई आली नाही. तिनं फक्त दोरा वर सरकवून दंडावर नीट बसवला. मग सर, वहिनी आणि मी मोखाड्याहून येणाऱ्या एसटीनं निघालो. मी सगळी वाट डावा हात छातीशी दुमडून बसले होते, कारण हात सरळ केला की दोरा खाली यायचा.

वजनासाठी बायकांची खोली वेगळी होती. काट्याशी चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. आम्ही सगळ्या मिळून सातआठ जणी, बहुतेक शहरातल्या, एकमेकींकडे चोरून बघत. माझं नाव पुकारलं. मी काट्यावर चढले. अंग आखडलं होतं, हात तसाच दुमडलेला. बाई न बघता म्हणाल्या, "ताई, हात खाली. सैल सोडा."

मी सैल सोडला. दोरा कोपरावरून उतरला, मनगटावरून उतरला आणि माझ्या पायांपाशी काट्याच्या पत्र्यावर पडला. मण्याचा आवाज झाला, टक.

"पास," बाई म्हणाल्या. "तुमचं काहीतरी पडलं बघा."

मी खाली बघत राहिले. मला काट्यावरून उतरताच येईना. आता मी मरणार, एवढंच डोक्यात होतं. उद्या नाही तर परवा. माझ्या मागची मुलगी खाकरली. वहिनी दारातून म्हणाल्या, "अगं, उचल ना." मी वाकले. खोली फिरली. काट्याचा खांब धरला, डोळे मिटले, थांबले, आणि चाचपडत तो उचलला. वहिनींनी मला धरून बाहेर आणलं.

नंबर आला नाही. पाय थरथरत होते, पोटरीत पेटका आला, एक पोझ मी अर्धीच सोडली. दोरा दंडात घालून स्टेजवर जायची परवानगी नव्हती, म्हणून तो मी मुठीत धरला होता. अर्ध्या पोझेस मुठी आवळूनच करायच्या असतात, त्यामुळे कुणाला कळलं नाही. फोटोही निघाले. पुढं सरांनी एक आणून दिला. त्यात मी हसते आहे, दंड चांगले दिसतात, पण मी बघते ते फक्त फासळ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जव्हारला उतरलो. स्टँडवर वहिनींनी वडापाव घेऊन दिला. मी मिरचीचं टोक चावलं, मीठ जिभेवर आलं, आणि मी सगळ्यांसमोर रडले. तो वडापाव मी फार वेळ लावून खाल्ला, पण खाल्ला. मग वहिनी पाणी आणायला गेल्या तेवढ्यात मी दोरा परत दंडात बांधला, एका हातानं आणि दातांनी, जमेल तेवढा घट्ट. पडल्याचं आईला कळता कामा नये एवढंच मला दिसत होतं.

घरी पोचले तर ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. स्पर्धेचं काहीच विचारलं नाही. सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझा हात धरला. तिचं बोट दोऱ्यावरून फिरलं आणि मण्यापाशी थांबलं.

"ही माझी गाठ नाय."

मी हात मागं घ्यायला गेले.

"कुठं पडला?"

"ठाण्याला. काट्यावर."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ती भिंतीला टेकली. मला वाटलं आता ती मोठ्यानं रडेल आणि सगळं गाव गोळा होईल, आणि मग ते खरंच होईल. पण तिनं माझा हात सोडला नाही.

"उचलला कोणी?"

"मीच."

"वाकून?"

"वाकून. चक्कर आली, पण उचलला."

"दुसऱ्या कोणी हात लावला नाय?"

"नाही, आये. मीच."

आईनं माझा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तिचा दोन्ही वेळा मीच उचलला होता. तिला कुठं वाकता येत होता, बाय."

तिनं माझी वेडीवाकडी गाठ नखानं सोडवली, दोरा काढला आणि मणी कनवटीला लावला. दोरा तिनं परत बांधला नाही. आत जाऊन तिनं चुलीवर भात टाकला, आणि तो शिजेपर्यंत मी चुलीपाशी तिच्या पाठीला पाठ लावून बसले होते. भात झाल्यावर तिनं पळसाच्या पानावर घास काढला आणि पान माझ्या हातात दिलं. मी ते कुंपणाशी नेऊन ठेवलं, उभी राहिले, आणि काय म्हणायचं ते न सुचल्यानं तशीच परत आले. मग आम्ही जेवायला बसलो. भात गरम होता, आणि आईनं माझ्या ताटात मीठ जरा जास्तच वाढलं होतं.